अकरा दिवसांचं पाणी

९ मार्च २०२५

सिद्धोधनदादा,

जयभीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, वहिनीच्या फोनवरही करवलास, आणि तुझ्या लेकीला, निकिताला लावला की कुणीतरी बाई इंग्रजीत काहीबाही सांगून फोन बंद करते. पोस्टाला ब्लॉक करायची सोय अजून निघाली नाही, म्हणून पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरवर हे पत्र टाकते. पत्ता आईच्या गोळ्यांच्या डब्यातून चोरला. तिला कळलं तर ती मलाच ब्लॉक करील.

भांडायला लिहीत नाही, गावाची बातमी द्यायला लिहिते. आपली ग्रामपंचायत तालुक्यात पहिली आली. वर्षाच्या कामाचं मूल्यांकन झालं, त्यात शंभरपैकी चौऱ्याण्णव. दप्तराला पंचवीसपैकी पंचवीस, पाणीपुरवठ्याला वीसपैकी वीस. सहा गुण गेले ते स्मशानभूमीच्या शेडवर पत्रे नाहीत म्हणून. महारुद्रराव म्हणाले, "मेलेल्या माणसानं कवा तक्रार केली का?" सगळे हसले. मीही हसले.

तालुक्याला सत्कार झाला. शाल सरपंच कमलबाईंच्या खांद्यावर आणि माइक त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे महारुद्ररावांच्या हातात. अडीच वर्षं झाली, पण कमलबाईंचा आवाज कसा आहे हे गावाला अजून नीट माहीत नाही. मग बन्सीधर भाऊसाहेबांनी मला पुढे बोलावलं. त्यांचं पद आता कागदावर ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव भाऊसाहेबच म्हणतं. "दप्तराचं सगळं श्रेय आमच्या कॉम्प्युटर ऑपरेटर नीलमताईंचं," असं म्हणाले आणि गुलाबाचं फूल दिलं.

दादा, सासरहून टेम्पोत माझं सामान घालून तूच मला आणलंस. जिंतूरला क्लासला तूच घातलंस, आणि भाऊसाहेबांच्या मागे लागून त्या खुर्चीवरही तूच बसवलंस. फूल हातात घेताना तू समोर कुठेतरी बसलेला असशील असं उगाच वाटलं. मान वर करून बघितलंही.

आई बरी आहे, गुडघे सोडून. संध्याकाळी ओट्यावर बसते, तुझ्या बंद दाराकडे बघते आणि मला ऐकवते, "कुलूप तर लय भारी आणलं लेकानं."

निकिता पुन्हा पळायला लागली का? काविळीनंतर तिला दम लागतो असं कानावर आलं. पोलीस भरतीचं मैदान पुढच्या वर्षीही येईल, तिला सांग.

पाण्याच्या त्या वहीबद्दल मी काही लिहिणार नाही. एवढंच सांगते की ती मी वार्षिक तपासणीसाठी लिहिली होती. तुझ्या तक्रारीशी तिचा संबंध नव्हता.

तुझी,
नीलम


२ एप्रिल २०२५

दादा,

जयभीम. उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे घेतलंस. एवढ्यावरही मी खूश आहे, बघ किती स्वस्तात खूश होते.

काल आपल्या ऑफिसात शाळा भरली होती. पाच गावांचे ग्रामसेवक आमचं दप्तर बघायला आले. पहिला नंबर आला की ही पीडा मागे लागते, बाकीच्यांनी तुमच्याकडून शिकायचं असतं. भाऊसाहेबांनी मला उभं केलं. मी फडक्यात बांधलेल्या वह्या सोडून दाखवल्या. लाल फडक्यात कर, हिरव्यात जन्म-मृत्यू, निळ्यात पाणी.

निळं फडकं सोडताना माझा हात थांबला नाही. हे मला रात्रभर खुपतंय.

पाण्याच्या वहीत रोजचा एक आकडा असतो. सकाळी नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर टाकीतली ब्लीचिंग पावडर नळापर्यंत पोचली, नाही झालं तर नाही. रंग पाहून आकडा लिहायचा. ०.२, ०.३, ०.२. एक तरुण ग्रामसेविका होती, नवी लागलेली. ती म्हणाली, "ताई, एका दिवशी तुम्ही ०.१ लिहिलंय आणि पुढे 'पावडर वाढवली' असा शेरा आहे. एवढं प्रामाणिक कोण लिहितं?" मी म्हटलं, "लिहावं लागतं." दादा, त्या ०.१ चा मला फार अभिमान होता. सगळे आकडे चांगले असले की साहेबांना शंका येते, म्हणून मी तो मुद्दाम घातला होता.

ती म्हणाली, "रोज किती वाजता घेता टेस्ट?" मी म्हटलं, सात. टेस्टची पेटी कपाटात, सील न फोडलेली. पाणी सोडणारा लिंबाजी महिन्याला एकदा येऊन रांगेने सह्या करून जातो.

वही कशी भरतात ते तुला सांगते, कारण मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तीन पेनं घ्यायची. एक नवं, एक जुनं आणि एक थुंकी लावून चालणारं. आठ-दहा दिवस झाले की पेन बदलायचं. मध्येच एक आकडा खोडायचा. हळदीचं बोट कोपऱ्यांना लावायचं, म्हणजे वही हाताळलेली दिसते. हे सगळ्या गावांत चालतं. मी फक्त चांगलं करते, माझं अक्षर चांगलं आहे. तूच पाटी गिरवून घ्यायचास.

आणि ते अक्षर तू दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ओळखलंस. महारुद्ररावांनी चौकशीचा कागद वाचला, 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' तू म्हणालास, वही दाखवा. तू पानं उलटलीस, एका पानावर थांबलास, मग माझ्याकडे बघितलंस. वही मिटून टेबलावर ठेवलीस आणि चप्पल घालून निघून गेलास. मागे कुणीतरी म्हणालं, "खोटी तक्रार केल्यावर दुसरं काय होणार?" मी इतिवृत्त लिहीत होते. मी खाली बघून लिहीत राहिले.

नीलम


२७ एप्रिल २०२५

दादा,

जयभीम. जयंतीला तू नव्हतास. विहारापासून मिरवणूक निघाली, पोरांनी तुझी विचारणा केली, आई म्हणाली, "ड्युटी हाय त्याला." रेल्वेची ड्युटी तिला आता फार कामाला येते.

त्या नव्या ग्रामसेविकेचं बोलणं डोक्यातून जाईना. तिने खरंच सात वाजता टेस्ट सुरू केली, म्हणून फोन करून मला सांगितलं. लाज वाटली. आपल्या पेटीतलं औषध मुदत संपून पिवळट पडलेलं होतं. उपकेंद्राच्या सिस्टरकडून नवी बाटली मागून आणली आणि सहा दिवस मी कुणाला न सांगता नळ तपासले.

टाकीखालचा नळ पिवळा. कमलबाईंच्या वाड्यातला पिवळा. शाळेचा थोडा पिवळा. गिरणीच्या पुढे आपल्या भीमनगरात शिरलं की पांढरं. आपल्या घरचं पांढरं, तुझ्या बंद घराच्या बाहेरचं पांढरं. थेंब टाकून नळी उन्हात धरली, दहा मिनिटं थांबले, पांढरं ते पांढरंच.

तू तक्रारीत लिहिलं होतंस, गिरणीजवळ नालीतून लाइन जाते तिथे पाइप फुटलाय. मी जाऊन बघितलं. फुटलेल्या जागी लिंबाजीने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे. नालीचं पाणी तिच्यावरून वाहतं. नळ बंद असले की ते आत जात असणार, दुसरं कुठे जाणार?

मी भाऊसाहेबांना म्हटलं, गिरणीपासून आपल्या गल्लीपर्यंत नवी लाइन टाकायचा प्रस्ताव देऊ. मागचं काही लिहायचं नाही, फक्त नवी लाइन. ते लगेच हो म्हणाले. माणूस वाईट नाही दादा, चार गावांचा चार्ज आहे, जेवणाचा डबा मोटरसायकलवरच खातो. प्रस्ताव मी टाइप केला. बारा दिवसांत परत आला. वर लिहिलं होतं, 'आपल्या ग्रामपंचायतीस पाणीपुरवठा या घटकात पैकीच्या पैकी गुण असल्याने प्रस्ताव प्राधान्यक्रमात बसत नाही.'

मी तो कागद तीनदा वाचला. मीच लिहिलेल्या आकड्यांनी मला उत्तर पाठवलं होतं. पाणी शुद्ध आहे, त्यामुळे पाइप मिळणार नाही. पाइप नाही, त्यामुळे पाणी शुद्ध होणार नाही. आणि पाणी शुद्ध नाही असं लिहायचं तर आधीची वही खोटी ठरते.

भाऊसाहेब म्हणाले, "ताई, जुलैत जिल्ह्याची समिती आहे. तोवर नळीला हात लावू नका. मग बघू."

'मग बघू' या दोन शब्दांवर मी सहा वर्षं नोकरी केली आहे.

नीलम


१९ जून २०२५

दादा,

आई आता बरी आहे, हे आधी लिहिते. घाबरू नकोस.

सहा तारखेला तिला जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी उठवेना. जिंतूरला नेलं, दोन दिवस सलाईन लावलं. त्याच आठवड्यात गल्लीत आणखी पाच जण. नागसेनच्या सुनेला तर परभणीला हलवावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" आई म्हणाली, "पहिल्या नंबराचं." डॉक्टर हसले. ती हसली नाही.

एसटीत परत येताना तिने मला विचारलं, "नीलम, मह्या नातीला काविळ झाली तवाचं पाणी आन् आत्ताचं पाणी एकच का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आन् तुला ठाऊक होतं?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. ती वही वार्षिक तपासणीसाठी नव्हती.

मागच्या वीस सप्टेंबरला, शुक्रवारी, भाऊसाहेबांनी तुझ्या तक्रारीची प्रत माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "मंगळवारी चौकशीला साहेब येतायत. वही जूनपासून कोरी आहे. भरा. नाहीतर मी जाईन, लिंबाजी जाईल, आणि कंत्राटी म्हणून सगळ्यात आधी तुम्ही जाल." मी तक्रार पूर्ण वाचली. 'माझी मुलगी कु. निकिता ही सव्वीस दिवसांपासून परभणी येथे दवाखान्यात दाखल आहे.' खाली तुझी सही. ती वाचून मी पेन उचललं. दुपारी दीडला बसले आणि पाचला उठले. मध्ये एकदा चहा घेतला.

तेव्हा मनाला काय सांगितलं ते आठवतं. सांगितलं की दादाला रेल्वेची नोकरी आहे, मला ही एकच आहे. निकिता बरी होतेच आहे. आणि माझ्या वहीने कुणाचं पाणी घाण होत नाही, ते आधीच आहे. सगळं तसं खरंच होतं. तरी ते घाणेरडं होतं, दादा, आणि मला ते पेन धरतानाही कळत होतं.

आईला आणल्यावर मी घरोघर जाऊन सांगितलं, पाणी उकळून प्या. तिसऱ्या दिवशी महारुद्रराव ऑफिसात आले. आवाज चढवला नाही. "ताई, गाव जिल्ह्यात पहिलं यायलंय, आन् तुमी दारोदार पाणी उकळा म्हणून सांगायलात. गावाची बदनामी तुमच्याच तोंडानं व्हायलीय. तुमचं कंत्राट मार्चला संपतंय, ध्यानात हाय ना?"

मी म्हटलं, आहे.

गप्प बसले तर गल्ली पाणी पिते. बोलले तर मी खोटारडी, भाऊसाहेब निलंबित आणि लिंबाजी घरी. मी दोन्हीकडून दार लावून आत बसले आहे, आणि कडी माझ्याच हाताने लावली आहे.

नीलम


२३ जुलै २०२५

दादा,

काल समिती येऊन गेली. तुला हसू येईल. ये, हस.

शाळेतल्या कुंड्या आणून ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर मांडल्या होत्या. बचत गटाच्या बायका एका रंगाच्या साड्यांत उभ्या होत्या. समितीच्या प्रमुख मॅडम चांगल्या होत्या, खरंच सांगते. वह्या नुसत्या उलटत नव्हत्या, वाचत होत्या. चष्मा काढून पुसायच्या आणि पुन्हा वाचायच्या. मला वाटलं, या पकडतील. मनात म्हटलं, पकडा हो बाई, एकदाचं पकडा.

निळं फडकं सोडलं. मॅडमनी मागच्या ऑगस्टचं पान काढलं, त्यावरून बोट फिरवलं, आणि 'उत्तम' असं म्हणून मिटलं.

मग म्हणाल्या, "एक टेस्ट समोर करून दाखवा." महारुद्रराव लगेच म्हणाले, "या ना, इथं टाकीखालीच नळ हाय." मी म्हटलं, "मॅडम, नियमाप्रमाणे टेस्ट लाइनच्या शेवटच्या टोकाला घ्यायची असते." मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे, चला." मी पुढे, मागे समिती, त्याच्या मागे सगळं गाव. गिरणी ओलांडली. भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम होता आणि त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

मी ठरवलं होतं दादा. तोंडाने बोलायची हिंमत नव्हती, म्हणून नळीला बोलायला लावायचं. पाणी पांढरं राहील, मॅडम विचारतील का, आणि मग आपोआप सगळं बाहेर येईल.

तुझ्या घराबाहेरच्या नळाखाली नळी धरली. आई ओट्यावरून बघत होती. दोन थेंब टाकले.

पाणी पिवळंजर्द झालं, हळदीच्या पाण्यासारखं.

मॅडमनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. त्या म्हणाल्या, "शेवटच्या घरापर्यंत एवढं क्लोरीन मी कुठल्याच गावात बघितलं नाही." पाण्याला असा वास येत होता की डोळे चुरचुरले. मला वाटतं त्यामुळेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं लोकांना वाटलं.

संध्याकाळी लिंबाजीला गाठलं. तो म्हणाला, "मला काय समजतंय ताई. महारुद्रराव म्हणले पहाटं अर्धं पोतं टाकीत टाक, म्या टाकलं."

आज सकाळी सातला मी पुन्हा त्याच नळावर गेले. पांढरं.

नीलम


१६ ऑगस्ट २०२५

दादा,

जयभीम. हे पत्र नीट वाच, मागची फाडली असलीस तरी.

समितीनंतर आठ दिवस गेले. मग एक अर्ज लिहिला, ग्रामसभेपुढे विषय ठेवायचा. 'पाणी तपासणी नोंदवहीतील जून ते सप्टेंबर २०२४ च्या नोंदी खोट्या असल्याबाबत माझे निवेदन, व श्री. सिद्धोधन सिताराम यांच्या तक्रारीची फेरचौकशी.' भाऊसाहेबांना दिला तर तो ड्रॉवरमध्ये राहील, म्हणून थेट कमलबाईंच्या घरी गेले. महारुद्रराव शेतात होते. बाईंनी अर्ज सावकाश वाचला, बोट लावून. आत जाऊन शिक्का आणला आणि मारला. म्हणाल्या, "मह्या घरचं पाणी पिवळं होतंय, तुमचं होत न्हाई. एवढं मलाबी कळतंय." त्यांचा आवाज घोगरा आहे दादा, आणि चांगला आहे.

विषय नोटिशीत सातवा लागला. गावात आग लागल्यासारखं झालं. भाऊसाहेब घरी आले, हात जोडले. "ताई, मला चार वर्षं राहिलीत. तुमच्यावर गुन्हासुद्धा दाखल होईल." त्यांच्याकडे बघून मला रडू आलं. त्यांची दया येते म्हणून तर मी इतके दिवस गप्प राहिले.

काल झेंडावंदन झालं, पेढे वाटले, आणि पेढा घेऊन माणसं घराकडे निघाली. महारुद्ररावांनी सांगून ठेवलं होतं सगळ्यांना. गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. आता सोमवारी, पंचवीस तारखेला, सकाळी अकराला. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. बाराजण आले तरी सभा होते.

मी काय बोलणार ते तुला आधी सांगते. एकच गोष्ट सांगणार. मागच्या वर्षी अकरा ऑगस्टला विहिरीवरची मोटर जळाली. ती परभणीला वाइंडिंग भरायला नेली आणि एकवीसच्या रात्री परत बसवली. अकरा दिवस नळाला थेंब नव्हता, सगळं गाव हंडे घेऊन टँकरमागे धावत होतं. आणि माझ्या वहीत त्या अकराही दिवसांचे आकडे आहेत. ०.२, ०.३, ०.२. नळाला पाणीच नव्हतं आणि मी ते तपासून शुद्ध ठरवलं. एका बैठकीत चार महिने भरले, मोटर कुठली आठवायला? साहेबाने ते पकडलं नाही, समितीने नाही, पाच गावांनी नाही. पकडू शकत होतं फक्त आपलं गाव, आणि गाव वही वाचत नाही.

एकाने वाचली होती.

दोन ऑक्टोबरला तुझं बोट त्याच पानावर थांबलं होतं. अकरा ते एकवीस. मी टेबलापलीकडून बघत होते. तू एक वाक्य बोलला असतास, 'तेव्हा मोटर तर परभणीला होती,' तर सगळी सभा तुझ्या बाजूने झाली असती. निकिताची तक्रार खरी ठरली असती. आणि मी त्याच दिवशी रस्त्यावर आले असते. तू माझ्याकडे बघितलंस, वही मिटलीस आणि खोटारडा म्हणवून घेऊन गाव सोडलंस. दहा महिने मी समजत होते की तू माझ्यावर रागावून गप्प राहिलास. तू मला वाचवलंस. अर्ज लिहायला वही पुन्हा उघडली, तारखा बघितल्या, तेव्हा हे कळलं. दादा, मी तुझी अपराधी आहे आणि निकिताची तर फारच.

आता एक अडचण आहे. ठराव मांडायला सूचक लागतो, ती मी आहे. अनुमोदकही लागतो. गल्लीत फिरले. नागसेन म्हणाला, घरकुलाचा हप्ता अडकलाय. लिंबाजी म्हणाला, "ताई, मला हात वर करायला सांगू नगा, सह्या मह्या हायेत." कमलबाई अध्यक्ष, त्यांना करता येत नाही. शेवटी आईला म्हटलं, तू कर. ती म्हणाली, "म्या न्हाई हात वर करायची. ज्याला खोटं पाडलंस, त्याला इचार आधी. त्याचा हात उठला तर मव्हा काय, समद्या गल्लीचा उठंल."

म्हणून विचारते. ये असं म्हणत नाही, तो हक्क मी ठेवलेला नाही. इतिवृत्त नेहमीसारखं मीच लिहिणार आहे. सातव्या विषयाचा ठराव आधीच लिहून ठेवलाय, एका पेनाने, खाडाखोड न करता. सूचक, नीलम सिताराम. त्याच्याखाली अनुमोदक, आणि पुढे जागा कोरी. तू आला नाहीस तरी मी बोलणार आहे, आणि मग ती जागा कोरीच राहील. तिथे खोटं नाव मी लिहिणार नाही.

नीलम


२१ ऑगस्ट २०२५
पूर्णा

नीलम,

जयभीम.

एकही पत्र फाडलं नाही. निकितानं वाचून दाखवली, मी ऐकली. काल शेवटचं तिनं दोनदा वाचलं आणि मग तिनंच मला हा कागद आणून दिला.

मतदार यादीत माझं नाव अजून गावातच आहे. अनुमोदक म्हणून लिही.

सोमवारी पहिल्या गाडीनं परभणीला उतरतो, तिथून एसटीनं दहापर्यंत पोचतो. निकितापण येते. आईला सांग, कुलपात तेल घालून ठेव.

पाणी आम्ही इथूनच भरून आणतो.

सिद्धोधन